कुंचीचं अस्तर

आजी गेली, दिवस झाले, पाहुणे परतले. मग एका दुपारी आईनं तिची ट्रंक उघडली. वर इरकली लुगडी, त्याखाली पोस्टाचं पासबुक, मोतीबिंदूच्या ऑपरेशनचे कागद, आजोबांचं बंद पडलेलं घड्याळ. अगदी तळाशी, पत्र्यावर अंथरलेल्या वर्तमानपत्राच्याही खाली, मलमलीच्या फडक्यात गुंडाळलेली एक कुंची. आईनं ती झटकली आणि धुण्याच्या बादलीकडे निघाली. मी तिचा हात धरला. कुंचीला अजून वेखंडाचा वास होता.

ती कुंची मी पुढे कित्येकदा खिडकीपाशी उजेडात धरून पाहिली आहे. बाहेरून हिरवा खण, विटून शेवाळासारखा झालेला. गळ्याशी दोन बंद, त्यातला एक तुटून पुन्हा लावलेला. कपाळावर येणारी कड उलट्या टिपेची, टाके इतके बारीक आणि सारखे की मशीनचे वाटावेत. पाठीवरून खाली येताना टाके लांब होत जातात. शेवटच्या चार बोटांत नुसता धावदोरा आहे आणि दोऱ्याचं टोक गाठ न मारता तसंच सोडलंय. कुणीतरी सावकाश बसून सुरुवात केली होती आणि घाईनं संपवलं होतं. आतलं अस्तर तांबडं. कुंकवाचं तांबडं नव्हे, जुन्या विटेचं. आईनं त्यावरून अंगठा फिरवला आणि हळूच म्हणाली, "आलवण आहे हे." तिच्या लहानपणी शेजारच्या वाड्यात एक सोवळ्या विधवा काकू होत्या. त्यांच्या दांडीवर वाळणारं वस्त्र तिनं रोज पाहिलेलं.

आजी बार्शीची. माहेर विचारलं की "बार्शी" एवढंच म्हणायची आणि पुढचा प्रश्न यायच्या आत उठून चहा टाकायची. तिच्या दिवसांना सोलापूरहून नव्वदीच्या मावसआजी आल्या होत्या. भिंतीला टेकून सुपारी कातरता कातरता त्यांनी सांगितलं, "ती आमच्यातली नव्हे गं. पंढरपुराहून आणली तिला. आठ महिन्यांची होती. काकूची कूस उजवली नव्हती ना." आणि अडकित्ता पुन्हा चालू झाला.

मी आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "मला ठाऊक होतं. मला ठाऊक आहे हे तिलाही ठाऊक होतं. बोललो नाही कधी."

पंढरपूर म्हटल्यावर पुढचं कुणी सांगायची गरज उरली नाही. विधवेला दिवस गेले की घरचे तिला वारीच्या नावाखाली पंढरपूरला आणून सोडत. गर्दीचं गाव, कोण कुठली हे कुणी विचारत नसे. जन्मलेली लेकरं चंद्रभागेच्या वाळवंटात सापडत. ते पाहून १८७५ साली तिथं न्यायाधीश असलेल्या लालशंकर उमियाशंकर यांनी प्रार्थना समाजाच्या मदतीनं बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. त्याआधी बारा वर्षं, १८६३ मध्ये, पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी असंच घर उघडलं होतं. तिथं जन्मलेल्या एका लेकराच्या आईचं नाव आज सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. काशीबाई. तिचा यशवंत फुल्यांनी दत्तक घेतला, त्याला डॉक्टर केलं, आणि त्याचा जन्म कधी लपवला नाही. माझ्या आजीच्या आईचं नाव कुणी सांगितलं नाही. सांगायचं नाही, हाच तर करार होता.

आजीच्या शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून १९३२. आपल्याकडे ज्याची तारीख कुणाला आठवत नाही त्याला गुरुजी १ जून देतात. बापाच्या रकान्यात बार्शीच्या पणजोबांचं नाव. ते अडतीच्या पेढीवर दिवाणजी होते. पंढरपूरहून बार्शीला यायला तेव्हा बार्शी लाइट रेल्वे होती, अडीच फुटी रुळांची. १८९७ मध्ये कुर्डूवाडी ते बार्शी सुरू झाली आणि १९०६ मध्ये पंढरपूरपर्यंत पोचली. पंढरपूरला एकादशी करून द्वादशीला बार्शीच्या भगवंताच्या दर्शनाला यायचं, ही वारकऱ्यांची जुनी रीत. मी मनाशी धरून चालले आहे की दिवाणजी आणि त्यांची बायको एकादशीला दोघं गेली आणि द्वादशीला तिघं आली. टाळमृदंगाच्या त्या गर्दीत काकूंच्या पदराखाली काय आहे, हे कोण बघणार?

तिचं दत्तकविधान मात्र झालं नाही, होऊच शकत नव्हतं. शास्त्राला देणारा लागतो, आई किंवा बाप. ज्याचे आईबाप माहीत नाहीत त्याला दत्तक द्यायचं कुणी? शिवाय दत्तक घ्यायचा तो मुलगा, पिंडासाठी. मुलीला दत्तक घेण्याची सोय कायद्यानं केली ती १९५६ साली, आणि आईबाप अज्ञात असलेलं लेकरू पालकानं कोर्टाच्या परवानगीनं दत्तक देण्याची १९६२ च्या दुरुस्तीनं. १९५६ साली आजी चोवीस वर्षांची होती आणि माझी आई तिच्या कडेवर होती. बार्शीचा वाडा पुढे पुतण्याकडे गेला. आजीनं हक्क सांगितला नाही. कागद लागला असता, आणि कागद म्हटलं की प्रश्न आले असते.

आजी एवढ्या जवळ राहून एकदाही पंढरपूरला गेली नाही. "भगवंत इथं आहे की," म्हणायची. बारशाच्या बाबतीत मात्र ती कुणाचं ऐकायची नाही. बारावा दिवस चुकता कामा नये. माझी मुलगी सातव्या महिन्यात झाली, काचेच्या पेटीत होती, डॉक्टर आत सोडत नव्हते. बाराव्या दिवशी आजी दवाखान्याच्या व्हरांड्यात उभी राहिली आणि काचेला तोंड लावून तिनं बाळाचं नाव सांगितलं. तीनदा. "बिननावाचं लेकरू ठेवू नये," म्हणाली. तिला तिचं नाव कितव्या महिन्यात मिळालं असेल, हा हिशेब मी फार उशिरा केला.

मग मी शोधायला लागले. आधी रेकॉर्ड रूम. २०२३ पासून कुणबी नोंदींसाठी कोतवाल बुकं आणि गाव नमुना चौदा धुंडाळले जात होते. मोडी वाचणाऱ्यांना कधी नव्हे ते दिवस आले होते. माझ्या शेजारच्या बाकावर एक तरुण शेतकरी खापरपणजोबाची जात शोधत होता. मला विचारलं, "ताई, तुमचं कुणाचं?" मी म्हटलं, "पणजीचं." तो म्हणाला, "बायांचं सापडत नाही हो." त्याच्या आवाजात खरं दुःख होतं. त्यानं आपल्या डब्यातली अर्धी भाकरी मला दिली.

नंतर थुंकीची तपासणी. अमेरिकेतल्या भावानं डबी आणली. काही आठवड्यांनी लांबच्या रक्ताच्या नातलगांची यादी आली. चार-पाच पिढ्यांपूर्वी कुठंतरी एक असलेली माणसं. त्यातल्या एका गृहस्थांनी फार आपुलकीनं उत्तर दिलं आणि त्यांच्या घराण्याच्या कुलवृत्तांताची पानं फोटो काढून पाठवली. अकरा पिढ्यांचा वृक्ष. बाप, त्याचे मुलगे, त्यांचे मुलगे. बायका कंसात, माहेरच्या आडनावासकट. रात्री दोनपर्यंत मी त्या फांद्यांवरून बोट फिरवत होते. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत एक ओळ सापडली: अमुक, एकोणिसाव्या वर्षी प्लेगनं मृत्यू. पुढे कंसात बायकोचं नाव. आणि त्यापुढे, 'अपत्य नाही'.

माझं बोट तिथंच थांबलं. तिला पुढे मूल झालं असेल तरी त्या ओळीत काही बदललं नसतं. अशी ओळ त्या एका पुस्तकात सात ठिकाणी आहे. मराठीत कितीतरी कुलवृत्तांत छापले गेले आहेत. प्रत्येकात अशा ओळी असणार, आणि त्यातल्या कुठल्याही ओळीत ती असू शकेल किंवा कुठल्याच ओळीत नसेलही. आलवण म्हणजे पुरावा नव्हे, हे मी जाणते. ती कुंची पंढरपूरच्या त्या आश्रमातल्या दुसऱ्याच कुणा बाईनं शिवली असेल, हाताशी आलेल्या चिंधीची.

शेवटी पंढरपूर उरलं. निघण्याआधी मी नियम वाचले. दत्तक गेलेल्या माणसाला स्वतःच्या मुळाचा शोध घ्यायचा हक्क आहे. २०२२ च्या दत्तक नियमावलीत तो स्पष्ट लिहिला आहे. मात्र जन्मदात्या आईच्या गुप्ततेला धक्का लावून नाही. आणि त्रयस्थाला तर मुळीच नाही. आजी असती आणि तिनं स्वतः अर्ज केला असता तर गोष्ट कदाचित वेगळी. मी तिच्या मांडीवर वाढलेली, तिच्या हाताचं खाल्लेली, तिच्या केसांत तेल घातलेली नात. नियमाच्या भाषेत मी त्रयस्थ.

पहिल्यांदा राग आला. पंढरपूरला गेले ते रागातच. चंद्रभागेला पाणी कमी होतं. पुंडलिकाच्या देवळापलीकडे वाळूत बसून राहिले. आश्रमाकडे जाणारा रस्ता दोघांना विचारून ठेवला होता. गेले नाही.

कारण तिथं बसल्यावर पहिल्यांदा मला तू दिसलीस. तोवर तू एक रिकामा रकाना होतीस. आता तुला वय आलं. वीस असेल, बावीस असेल. वस्तऱ्यानं गुळगुळीत केलेलं डोकं आणि त्यावर ओढलेला तो तांबडा पदर. कुणीतरी तुला इथं आणलं, "वारी करून येतो" असं गावात सांगून. तुला जगायचं असेल तर तुझं नाव मरायला हवं होतं. ज्या बायकांना असं घर सापडलं नाही त्यांचं काय झालं, ते इतिहासात आहे. १८८१ साली सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला मूल मारल्याबद्दल फाशी सुनावली गेली. ती शिक्षा पुढे कमी झाली. पण तेवढ्यात वर्तमानपत्रांनी बायकांच्या नीतीवर जे तोंडसुख घेतलं, त्यानं बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे पेटून उठल्या आणि पुढच्याच वर्षी 'स्त्री-पुरुष तुलना' छापली. त्या एकट्या बाईनं विचारलं की पुरुष कुठं आहे. मीही तेच विचारते. तुझा मी इतके दिवस माग काढला आणि त्या माणसाचा एकदाही नाही, हे वाळूत बसल्यावर माझ्या ध्यानात आलं. दीर असेल, सासरा असेल, कीर्तनाला येणारा कुणी बुवा असेल. त्याला नाव लपवावं लागलं नाही. कुलवृत्तांतात तो त्याच्या जागी असेलच, धर्मपत्नी आणि चार मुलग्यांसकट.

तुला कुणीतरी शब्द दिला होता की इथं झालेलं इथंच राहील. त्या शब्दावर तू आजीला जन्म दिलास, आणि आजीपासून आई, आईपासून मी. माझा सगळा गोतावळा त्या एका पाळलेल्या शब्दावर उभा आहे. तोच शब्द मोडायला मी पंढरपूरला आले होते.

विज्ञान सांगतं की आईकडून मुलीला एक बारीक धागा जातो, पेशींच्या आतला, बापाची सरमिसळ न होता. तुझ्याकडून आजीकडे, तिच्याकडून आईकडे, आईकडून माझ्याकडे, आणि काचेच्या पेटीतल्या त्या सव्वा किलोच्या पोरीकडे. त्यावर तुझं नाव लिहिलेलं नाही. लाखो बायकांत तोच धागा आहे. पण शिवण अजून उसवलेली नाही एवढं तरी त्यावरून कळतं.

परत आल्यावर सर्वपित्री होती. मामा तर्पणाला बसले. आजीचं नाव झालं. मातामह म्हणून बार्शीच्या दिवाणजींचं नाव झालं, त्यांच्या वडिलांचं झालं. मी गुरुजींना विचारलं, जिचं नाव आणि गोत्र दोन्ही माहीत नाही तिला पाणी कसं द्यायचं? गुरुजींनी वर पाहिलं नाही. म्हणाले, "गोत्र माहीत नसलं की काश्यप म्हणायचं. आणि तर्पणाच्या शेवटी, ज्यांना आई नाही, बाप नाही, कुणीच नाही, त्यांच्यासाठी पाणी सोडतातच." मामांनी दर्भ धरलेला हात खाली केला. पाणी ताम्हनात पडलं. आई दारात उभी होती. तिच्या हातात ती कुंची होती, आणि मामांना ते दिसावं म्हणून ती किंचित पुढं झाली.

कुंची आम्ही धुतली नाही. ज्या फडक्यात सापडली त्याच फडक्यात वेखंडाचा नवा तुकडा घालून ठेवली आहे. दोऱ्याच्या मोकळ्या टोकाला गाठ मारायचं आईच्या मनात आलं होतं, सुईत दोरा ओवलाही होता. मग राहू दे म्हणाली.

तुमच्या घरातही एखादी म्हातारी असेल, माहेर विचारल्यावर उठून चहा टाकणारी. ती आहे तोवर तिला विचारू नका, चहा घ्या. आणि ती गेल्यावर तिची ट्रंक उघडाल तेव्हा वर्तमानपत्राच्या खाली बघा. जे कापड सापडेल ते धुऊ नका.