मेहुण्याच्या मागोमाग

अँटॉप हिलचं मूळचं असं कुणी नसतं. केंद्र सरकारच्या कॉलनीत तर नाहीच. तिथला पत्ता सेक्टर, इमारत आणि क्वार्टर नंबर असा, आणि तोही घरातल्या कर्त्याच्या निवृत्तीपर्यंतचाच. बढती मिळाली की टाइप वनमधून टाइप टूत जायचं, नोकरी संपली की मुदतीत जागा रिकामी करून द्यायची. आमच्या जिन्यात तमिळ, गढवाली, बंगाली, मालवणी अशी बिऱ्हाडं होती. मे महिना लागला की अख्खा जिना आपापल्या गावाला जायचा, आणि जूनमध्ये कुणाच्या डब्यातून मुरुक्कू निघायचे, कुणाच्या पिशवीतून फणसाची साठं. मग एखाद्या वर्षी खाली टेम्पो लागायचा आणि एक बिऱ्हाड विरारला, बदलापूरला नाहीतर थेट गावी निघून जायचं. वर्षानुवर्षं भिंतीला भिंत लावून राहिलेली माणसं मागे फक्त खिळ्यांची भोकं ठेवून जात. नवीन माणूस यायच्या आधी रंगारी तीही बुजवत.

अशा ठिकाणी वाढलेल्या मुलीला पुढे वंशावळीचं वेड लागलं तर नवल नाही.

पलीकडच्या कोळीवाड्यात तर कोळ्यांइतकेच पंजाबी. फाळणीनंतर पंजाब आणि सिंधमधून आलेली कुटुंबं तिथल्या लष्करी बराकींमध्ये उतरवली गेली. पुढे त्यांच्यासाठी इमारती झाल्या, आणि कोळीवाडा स्टेशनाचं नाव गुरु तेगबहादुर नगर झालं. हॉटेलच्या मेन्यूतली ‘कोळंबी कोळीवाडा’ याच पंजाब्यांच्या कढईतून निघाली असं म्हणतात. माझ्या एका मैत्रिणीचं घर त्यांच्यातलं. तिच्या आजोबांचं गाव सरहद्दीपलीकडे राहिलं. घर, विहीर, जमिनीचे कागद, सगळं तिकडेच. पण हरिद्वारच्या पंड्याच्या वहीत ते गाव होतं आणि गावाखाली आजोबांचे आजोबाही होते. गेलेल्या मुलखाचा एवढा एकच दस्तऐवज त्यांच्या वाट्याला आला, आणि तोही गंगेकाठच्या कुणा परक्याच्या कपाटात. हे ऐकल्यावर मला आमच्या वहीचं सुचलं.

आमची वही नाशिकला. रामकुंडाच्या आसपास गाव, तालुका आणि आडनाव सांगितलं की कुळाचे उपाध्याय कोण, हे लोकच सांगतात. लांबट वही, लाल कापडात बांधलेली, जुनी पानं मोडीत. आजऱ्याकडचं आमचं गाव सापडलं, आणि त्याखाली बापाखाली लेक, लेकाखाली नातू अशी उतरत आलेली नावं. आजोबांची स्वतःच्या हातची सहीही होती, साच्यावर काम करणाऱ्या माणसाची, जपून काढलेली. बाया मात्र क्वचितच, आणि त्याही कुणीतरी मातोश्रींचं श्राद्ध केलं म्हणून आलेल्या. गावी सुगीनंतर बैल घेऊन हेळवी यायचा. चावडीसमोर बसून घराण्याची पिढी न पिढी वाचायचा आणि धान्य घेऊन पुढच्या गावाला जायचा. घरात मुलगा झाला की तो नाव चढवायचा. मुलगी झाल्याचं त्याला कुणी सांगत नसे.

वही आणि हेळवी दोघांनी मला खापरपणजोबांच्याही मागे नेलं. पण आम्ही मुंबईला आलो कसे, याचं उत्तर दोघांकडेही नव्हतं.

ते थोरल्या आत्याकडे होतं. आम्ही सगळे तिला आक्का म्हणतो. वाढली परळच्या चाळीत, लग्न होऊन गेली गडहिंग्लजकडे, त्यामुळे तिच्या बोलण्यात दोन्ही मुलूख आहेत. ती म्हणाली, “आमचा आजा कुठं स्वतःहून आलाय? आजीच्या भावानं आणला त्याला.”

पणजीचा भाऊ आधी गिरणीत लागला होता. त्यानं मुकादमासमोर मेहुण्याला उभं केलं आणि मेहुणा साच्यावर चढला. त्या काळी कामगार ठेवायचा की काढायचा हे मुकादमाच्या हातात असे. गिरणीत शिरायला ओळख लागे आणि ओळखीसाठी दस्तुरी. आजऱ्याहून कोल्हापूर, तिथून मिरजेवरून पुण्यापर्यंत छोट्या रुळांची गाडी, पुण्याला बदलून मोठ्या रुळांची, आणि शेवटी परळचा गाळा, जिथं पाळीनं झोपायचं. एका पाळीची माणसं उठून गेली की त्यांच्याच जागी दुसऱ्या पाळीची आडवी व्हायची. या सगळ्या वाटेवर पणजोबांचा हात धरला तो बायकोच्या भावानं. मग पणजोबांनी साडूला बोलावलं, साडूनं आपल्या बहिणीच्या मुलाला. आक्का ही नावं बोटांवर मोजत गेली आणि मी लिहीत गेले, तेव्हा कागदावर जे उमटलं ते नाशिकच्या वहीच्या अगदी आडवं होतं. वंश चालला बापाकडून लेकाकडे. मुंबईची वाट मात्र गेली मेहुणा, साडू, मामा, भाचा अशी, म्हणजे दर वळणावर कुणीतरी बहीण किंवा बायको उभी. मुंबईच्या कामगारांचा इतिहास लिहिणाऱ्या राजनारायण चंदावरकरांनी दाखवून दिलं आहे की गावाशी आणि नात्यागोत्याशी असलेला हा धागा म्हणजे निव्वळ खेडवळ सवय नव्हती. बेकारीत आणि संपात कामगार त्याच्याच जोरावर तगत. त्यात मला एवढंच घालावंसं वाटतं की धागा बहुधा माहेरचा असायचा.

पणजी मागून आली आणि वाइंडिंग खात्यात लागली. 1920च्या दशकात गिरणीत साधारण पाचातला एक कामगार बाई असे. पुढे यंत्रांची फेरजुळणी झाली. 1929 साली मुंबई इलाख्यात बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा आला, आणि भत्ता देण्यापेक्षा बाई न ठेवणं मालकांना स्वस्त वाटू लागलं. बायांचं प्रमाण घसरत गेलं. पणजीही सुटली आणि गाळ्यातल्या पुरुषांना जेवण घालू लागली. एकट्यानं राहणाऱ्या या माणसांची पोटं अशाच घरगुती खाणावळींवर चालत. महिन्याचे पैसे पगाराला मिळत, गिरणी बंद असली की उधार. तिच्या उधारीवर किती संप निघाले असतील! पण गिरणीच्या हजेरीपटावर ती काही वर्षंच होती, आणि खाणावळीला हजेरीपट नव्हता.

इथे मला मॉरिशस आठवतं. 1834 पासून पुढे जवळजवळ नव्वद वर्षं करारावरचे मजूर हिंदुस्थानातून तिकडे नेले गेले, त्यांत रत्नागिरी, सावंतवाडीकडचे मराठीही होते. प्रत्येकाला नंबर पडला. नाव, बापाचं नाव, वय, जात, उंची, अंगावरची खूण, जिल्हा, परगणा, गाव, सगळं लिहिलं गेलं, पुढे पुढे फोटोही काढले गेले. बायांचेसुद्धा. मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत ती दप्तरं जपून ठेवली आहेत आणि मॉरिशसची मराठी माणसं तिथून खापरपणजीचा नंबर काढून कोकणातलं गाव शोधत येतात. ती वही मजूर पळू नये म्हणून ठेवलेली, त्यात माया कसली. तरीही समुद्रापार गेलेल्या त्या बाईचा चेहरा तिच्या पणतीला बघायला मिळतो. आजऱ्याहून परळला आलेल्या माझ्या पणजीचा एकही फोटो नाही. तिच्या माहेरचं नाव आक्का गेल्यावर कुणालाच सांगता आलं नसतं.

मग एक कागद सापडला, आणि तो कुठल्याच दप्तरातला नव्हता. तो माझ्या वडिलांच्या, अण्णांच्या ट्रंकेत होता.

18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा आजोबा हजेरीपटावर होते. कामगार नेते दत्ता सामंत यांच्यामागे गेलेल्या अडीच लाखांतले एक. ते पुन्हा आत गेले नाहीत. त्यांच्या मागे कितीतरी वर्षांनी सरकारनं गिरणी कामगारांना आणि वारसांना घरं द्यायचं ठरवलं आणि गिरणगावात एकाएकी घरोघर संशोधन सुरू झालं. तिकीट नंबर, लाल पास, प्रॉव्हिडंट फंडाचा क्रमांक, ईएसआयचं कार्ड, काहीही चालेल, पण आजोबा 1 जानेवारी 1982 ला किंवा त्यानंतर कामावर होते हे दिसलं पाहिजे. लोकांनी पत्र्याच्या पेट्या उपसल्या, देवघरामागचे डबे उघडले. अर्ज लाखाच्या वर गेले. 2012 सालच्या पहिल्या मोठ्या सोडतीत घरं होती 6,925.

कामगार हयात नसला की वारस आले, आणि वारस म्हटले की प्रतिज्ञापत्र. आमच्या घरचं प्रतिज्ञापत्र मी वाचलं तेव्हा थबकले. मयताची पत्नी, दोन मुलगे, दोन विवाहित मुली, मुलींची सासरची नावं आणि शेजारी माहेरची. पाठोपाठ ट्रंकेतून गावच्या जमिनीचं जुनं हक्कसोडपत्र निघालं. त्यात त्या आधीच्या पिढीच्या लेकीही होत्या, कोण कुठल्या गावी दिली त्यासकट. नाशिकला न लिहिलेल्या, हेळव्याला न सांगितलेल्या, सगळ्या इथे ओळीनं हजर. ज्यांचा हक्क सोडवून घ्यायचा आहे त्यांची नावं पूर्ण आणि बिनचूक लिहावीच लागतात. नाहीतर कागद रजिस्टर होत नाही. मराठी घरातल्या बायांची वंशावळ कुणाला करायची असेल तर त्यानं घाटावर जाऊ नये, दुय्यम निबंधकाच्या कचेरीत जावं. ‘राजीखुशीने, कोणत्याही दडपणाशिवाय’ या शब्दांच्या वर ती नावं असतात.

सोडतीच्या अर्जासाठी धाकट्या काकांना एकट्याचं नाव लावायचं होतं. अण्णांनी सही केली. आक्कासाठी कागद गडहिंग्लजला गेला. तिनं चष्मा लावून स्वतःचं नाव शोधलं, माहेरचं आडनाव चुकीचं टंकलेलं होतं ते दुरुस्त करून घेतलं, आणि पेन हातात धरून काकांना विचारलं,

“जमिनीवरची सोडली, तवा जमीन तरी दिसत हुती. हे घर कुठं हाय?”

“अजून कुठं आलंय, आक्का,” काका म्हणाले. “लॉटरी लागली तर.”

“मग लागू दे की. लागल्यावर सोडीन.”

ते प्रतिज्ञापत्र अजून तिच्याच कपाटात आहे.