आजीचा तिसरा चौकोन

आमच्या दांडिया बाजारातल्या घरात खाली आजी राहते, वर आम्ही. दोन मजल्यांचे दोन मीटर. खालच्या मीटरचं लाइटबिल आजी स्वतः भरते, आणि दुसऱ्या कोणी भरलेलं तिला चालत नाही. आजोबा होते तोवर ते रांगेत उभे राहून भरायचे. ते गेल्यावर आजीनं माझ्याकडून मोबाइलवर बिल भरायला शिकून घेतलं. तेव्हा तिला सत्तरावं लागलं होतं. शिकायला तीन आठवडे लागले, पण नंतरच्या चार वर्षांत एकही बिल चुकलं नाही.

म्हणून गेल्या दिवाळीनंतर खालच्या मीटरची थकबाकीची नोटीस आली, तेव्हा बाबांना वाटलं, शेजारच्या घराची चुकून आपल्याकडे टाकली. नाव वाचलं, तर आजोबांचं. आजीला विचारलं, तर ती काही न बोलता उठली आणि देवघरातल्या पोथीत घडी करून ठेवलेलं बिल तिनं आणून दिलं.

"भरायला बसले होते रे. चारदा बसले. पण ते नेटचं सगळं बदललंय. मला सापडेना."

मी पटकन म्हणाले, "मग मला का नाही विचारलंस?"

आजी माझ्याकडे बघून शांतपणे म्हणाली, "विचारलं होतं. तीनदा."

मग मला आठवलं. खरंच विचारलं होतं.

झालं होतं ते असं. फोनमधला ब्राउझर, म्हणजे आजीच्या भाषेत 'नेट', एका रात्रीत आपोआप अपडेट झाला होता. पत्ता लिहायची पट्टी इतकी वर्षं वर होती, ती खाली आली. उघडी पानं दाखवणारा चौकोन उजव्या कोपऱ्यातून हलला. बऱ्याच दिवसांत न बघितलेली पानं ब्राउझरनं परस्पर एका वेगळ्या कप्प्यात नेऊन ठेवली. मुखपृष्ठावर नको त्या बातम्यांची रांग लागली, त्याही हिंदीत.

मलाही दोन दिवस चिडचिड झाली होती. ऑफिसला जाताना बोट सवयीनं वर जायचं आणि तिथे काहीच नसायचं. पण तिसऱ्या दिवशी बोटाला नवी जागा कळली आणि मी विसरून गेले. आजी विसरू शकली नाही. तिला ब्राउझर 'कळत' नव्हता, पाठ होता. ती पानं कधीच बंद करायची नाही. पहिला चौकोन पंचांगाचा, दुसरा मराठी पेपरचा, तिसरा लाइटबिलाचा, चौथा अभंगांचा, पाचवा तिच्या औषधांच्या दुकानाचा. बिल भरायचं म्हणजे कोपऱ्यात दाबायचं, तिसरा चौकोन उघडायचा, ग्राहक क्रमांक घालायचा. तिसरा चौकोन दोन महिन्यांतून एकदाच लागायचा. म्हणजे ब्राउझरच्या हिशेबानं तो निकामी. तो आधी गेला.

ती मला पहिल्यांदा विचारायला आली, तेव्हा मी फोन तिच्या हातातून घेतला, चार ठिकाणी टकटक केलं आणि "हे बघ, सोप्पंय" म्हणत परत दिला. तिनं काहीच पाहिलं नव्हतं, माझ्या अंगठ्याखेरीज. दुसऱ्यांदा मी म्हणाले, "अगं परवाच तर सांगितलं." तिसऱ्यांदा मी मीटिंगमध्ये होते, हातानंच 'नंतर' अशी खूण केली. ते 'नंतर' माझ्याकडून आलंच नाही. चौथ्यांदा ती आली नाही. मला वाटलं, जमलं असेल.

पुढचं ऐकून मात्र माझ्या पोटात गोळा आला. तिसरा चौकोन मिळेना, म्हणून आजीनं शोधायच्या जागी 'लाइटबिल' असं लिहिलं आणि वर जे पहिलं आलं ते उघडलं. त्या पानानं बिल क्रमांकाच्या आधीच बँकेच्या कार्डाचा नंबर मागितला. तिला ते बरं वाटलं नाही, म्हणून तिनं फोनच बंद केला आणि बिल पोथीत ठेवून दिलं. लाइट कापली जाईल अशी भीती घालून लोकांना लुबाडल्याचे प्रकार आपल्याकडे किती झालेत, ते आपण सगळे जाणतो. आजी शहाणी, म्हणून वाचली. पण रोजच्या ओळखीच्या रस्त्यावरून तिला कोणी हलवलं नसतं, तर त्या गल्लीत ती शिरलीच नसती. म्हाताऱ्या माणसाची सवय म्हणजे आपल्याला हट्ट वाटतो. खरं तर ती त्यांची सुरक्षितता असते.

त्या रात्री मी थोडं वाचलं. पट्टी खाली आणण्यामागे कारण आहे. २००७ साली पहिला आयफोन आला, तेव्हा त्याचा पडदा साडेतीन इंचांचा होता. आज सहा इंचांहून मोठे पडदे सर्रास आहेत. एका हातात फोन धरला, तर अंगठा वरपर्यंत पोचत नाही. म्हणून पट्टी अंगठ्याजवळ. ॲपलनं २०२१ मध्ये सफारीची पट्टी अशीच खाली नेली. चाचणीच्या काळातच लोकांनी इतकी ओरड केली, की सप्टेंबरमध्ये सगळ्यांच्या हाती देण्याआधी ती पुन्हा वर न्यायची सोय त्यांना ठेवावी लागली.

पण सगळेच लोक एका हातानं, अंगठ्यानं फोन वापरतात का? स्टीव्हन हूबर नावाच्या अभ्यासकानं रस्त्यावर, बसस्टॉपवर, दुकानांत फोन वापरणाऱ्या १३३३ लोकांच्या नोंदी करून २०१३ मध्ये त्या मांडल्या होत्या. त्यात ४९ टक्के लोक एका हातानं फोन वापरत होते. ३६ टक्के मात्र एका हातात फोन धरून दुसऱ्या हातानं दाबत होते. आमची आजी या ३६ टक्क्यांतली. डाव्या तळव्यावर फोन आडवा ठेवल्यासारखा धरायचा आणि उजव्या तर्जनीनं दाबायचं. तिच्या तळव्याची कड फोनच्या खालच्या बाजूला टेकते. आता पट्टी तिथेच आली, त्यामुळे हात नुसता टेकला तरी कीबोर्ड वर यायचा. ती बिचारी म्हणायची, "माझ्याच हातून काहीतरी दाबलं जातंय." आम्ही म्हणायचो, "आजी, नीट धर ना."

रविवारी मी खाली गेले. आधी माफी मागितली. आजीनं ती फार मनावर घेतली नाही. चहा ठेवला आणि म्हणाली, "मी सेंट्रल लायब्ररीत जायचे ना, तिथे मराठीची कपाटं कुठे आहेत ते मला डोळे मिटून माहीत होतं. एकदा त्यांनी काही कपाटं हलवली. पण दारात कागद लावला होता, आणि काउंटरवरचे भाऊ उठून बोट दाखवायचे, बेन, आता तिकडे. इथे रात्रीतून घर फिरवलं आणि विचारायला माणूसच नाही."

सयाजीरावांनी १९१० मध्ये सुरू केलेली ती लायब्ररी आजीच्या बोलण्यात नेहमी येते. तिथल्या मजल्यांना काचेची जमीन आहे, खालच्या कपाटापर्यंत उजेड पोचावा म्हणून. त्या दिवशी मला वाटलं, आपल्या घरात काउंटरवरचं माणूस मीच असायला हवं होतं. तो उठून बोट दाखवायचा. पुस्तक हातातून ओढून घ्यायचा नाही.

मग मी एक नियम केला. फोन आजीच्या हातात, माझे हात मांडीवर. मी नुसतं बोलणार. पहिली दहा मिनिटं फार जड गेली. तिचं बोट बटणावर घुटमळायचं आणि माझा हात आपोआप पुढे जायचा. आजीनं दोनदा माझ्या हातावर चापट मारली.

सेटिंगमध्ये जाऊन पट्टीची जागा पुन्हा 'वर' केली. हा पर्याय आज बऱ्याच ब्राउझरांत असतो, फक्त कोणी सांगत नाही. जुन्या पानांच्या कप्प्यात तिचा तिसरा चौकोन सुखरूप सापडला. आजीनं त्याला हात जोडले. ते पान आम्ही फोनच्या पहिल्या पडद्यावर चिन्ह करून लावलं, ब्राउझरच्या मेनूतून तसं करता येतं. आता ब्राउझरनं आतलं घर कितीही फिरवलं, तरी तिचं दार बाहेर आहे. बातम्यांची रांग बंद केली. प्रत्येक पायरी आजीनं तिच्या वहीत तिच्या शब्दांत लिहिली: 'तीन ठिपके. खाली चाक. पट्टी. वर.'

"मग हे अपडेटच बंद करून टाक की," ती म्हणाली. मलाही मोह झाला होता. पण अपडेटमधून सुरक्षेची भोकं बुजवली जातात, आणि ब्राउझरमधूनच पैसे जातात-येतात. दाराचा रंग आवडला नाही म्हणून कुलूप काढून टाकता येत नाही. ते तिला पटलं.

सगळ्याला चाळीस मिनिटं लागली. आधीच्या तिन्ही वेळा मिळून मी तिला तीन मिनिटंही दिली नव्हती. तेवढी वाचवून घरात थकबाकीची नोटीस आली आणि आजीचं दोन महिन्यांचं वाचन बंद पडलं. तिचा पेपर बंद होता, अभंग बंद होते, हे तर आम्हाला कळलंही नव्हतं. खालचा मजला जरा शांत झालाय, एवढंच आई एकदा म्हणाली होती.

त्यानंतर तीन बिलं वेळेवर भरली गेली. मागच्या आठवड्यात पुन्हा अपडेट आलं. चिन्हांचे आकार बदलले, ठिपके दुसरीकडे गेले. संध्याकाळी मी घरात शिरत होते, तर खालूनच हाक आली:

"अगं, नेटनं पुन्हा घर फिरवलंय. ये जरा. पण फोनला हात लावायचा नाही हं."