सुतक नसलेलं मरण

मांजराच्या पिल्लाचं सुतक नसतं. पंचांगात त्याला घर नाही, दहाव्याला कावळा शिवेपर्यंत कुणी ताटकळत नाही, शेजारणी पिठलंभात घेऊन येत नाहीत. आणि हे आमच्या वसईतल्या निर्मळ गावात, जिथे गेलेल्यांचा मान राखायची सवय फार जुनी. गावाचं मोठं देऊळच मुळी एक समाधी, शंकराचार्यांची. कार्तिक वद्य एकादशीला तिथे जत्रा भरते, दुकानं लागतात, लोक समाधीला हात जोडतात आणि सुकेळी घेऊन घरी जातात. त्याआधी, २ नोव्हेंबरला, आमचे ख्रिस्ती शेजारी आपापल्या माणसांच्या थडग्यांवर फुलं ठेवतात, मेणबत्त्या लावतात. मेलेल्यांसाठी या गावाकडे तिथीही आहे आणि तारीखही. माझं मांजराचं पिल्लू, होडी, श्रावणात गेलं. त्या दुपारी मावशीचा फोन आला, आवाज असा का म्हणून तिने विचारलं, तेव्हा मी सर्दीवर ढकललं.

होडी हे नाव तिच्या उभं राहण्यावरून पडलं. भरतीच्या वेळी खाडीत दोरीने बांधलेली होडी जागच्या जागी डुलते, तशी ती डुलायची. आमच्या वाडीच्या कडेला बावखल, म्हणजे तळं आहे. केळींना आणि पानवेलींना इतकी वर्षं त्याचंच गोडं पाणी. (वसईतली अशी कितीतरी बावखलं भराव टाकून बुजवली गेली, ते रडणं वेगळं आहे, इथे नको.) त्या काठावर गोणीत पिल्लं सापडली. त्यांची आई, भाटी, कुठेच दिसली नाही. गोणीचं तोंड सुतळीने बांधलेलं होतं, म्हणजे ती स्वतःहून तिथे आली नव्हती. जगली ती एकटी होडी.

डॉक्टरांनी तिला टेबलावर उभी केली आणि नाकासमोर बोट धरलं. बोट लांब होतं तोवर डोकं ठीक होतं. बोट जवळ यायला लागलं तसं ते थरथरायला लागलं. ज्याला सगळे सरसकट पार्वो म्हणतात, तो मांजरांचा विषाणू गाभण भाटीच्या अंगात शिरला की पोटातल्या पिल्लांनाही गाठतो. झपाट्याने वाढणाऱ्या पेशी हे त्याचं भक्ष्य, आणि जन्माच्या आगेमागे पिल्लाचा लहान मेंदू तसाच वाढत असतो. तो मग अपुरा राहतो. तोल सापडत नाही, अंतराचा अंदाज येत नाही. जे हवं ते जितकं जवळ, तितकी थरथर जास्त, ही या दुखण्याची सगळ्यात क्रूर खोड. पण ते दुखत नाही. वाढत नाही. आयुष्यही कमी करत नाही. हे ठाऊक नसतं म्हणून “सुई देऊन मोकळं करा” असं सहज सांगितलं जातं, आणि सांगणारा बहुतेक वेळा दयाळूच माणूस असतो.

होडीला दया नको होती. तिला उथळ ताटली हवी होती, फरशीवर जाड गोणपाट हवं होतं, आणि वाळूच्या ट्रेला एका बाजूने टेकायला उंच कड हवी होती. एवढं दिलं की ती तिची होती. धावायची, पडायची, उठायची. पडल्याची लाज तिच्या जातीत नाही. मला माझ्या वाढत्या वयात चप्पल घसरली तरी आधी आजूबाजूला कुणी पाहिलं का ते बघावं लागतं.

त्याआधीचे दिवस मात्र निराळे होते. आईविना पिल्लू म्हणजे आईची सगळी कामं आपल्या अंगावर, आणि ती कामं प्रेमाची कमी, यंत्राची जास्त. गार पडलेल्या पिल्लाला दूध द्यायचं नाही, आधी ऊब द्यायची. थंड पोट दूध पचवत नाही. गाईचं दूध नकोच, हगवण लागते आणि एवढासा जीव तेवढ्याने जातो. पिल्लांसाठी पावडरचं दूध मिळतं ते कोमट करून, पिल्लाला पोटावर पालथं धरून, थेंब थेंब. उताणं धरलं तर दूध फुप्फुसात जातं. प्रत्येक पाजणीनंतर ओल्या कोमट कापसाने ढुंगण पुसत राहायचं, कारण सुरुवातीला पिल्लाला आपणहून मुतायचंही कळत नाही. भाटी चाटते तेव्हा होतं. मग स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन. जन्मतः शंभर ग्रॅमच्या आसपास, रोज दहा-पंधरा ग्रॅम वाढलं तर बरं. आकडा जिथल्या तिथे राहिला की काळजात लक्कन होतं. त्याच काट्यावर मी पूर्वी पुरणाची डाळ मोजत असे, आता डाळ अंदाजाने घेते.

होडीनंतरही पिल्लं आली. एकाचे डोळे जन्मापासून चिकटलेले. पुवाखाली डोळे उरलेच नव्हते. ते घर मिशांनी ओळखतं आणि दरवाजाची चौकट कुणापेक्षाही नेमकी चुकवतं. दुसरीच्या, लंगडीच्या, कमरेवरून स्कूटर गेली होती. तिला घेऊन नालासोपाऱ्याहून लोकल पकडली, प्रभादेवीला उतरून परळच्या बैलघोडा हॉस्पिटलात गेले. कागदावर ते बाई साकरबाई दिनशा पेटिट हॉस्पिटल. एका शेठजींनी बायकोच्या नावाने जनावरांसाठी केलेलं. १८८६ मध्ये त्याच आवारात पशुवैद्यकाचं कॉलेज सुरू झालं. बाकावर माझ्याशेजारी कोंबडा मांडीवर घेतलेला एक म्हातारा बसला होता. आम्ही एकमेकांना काही विचारलं नाही. तिथे कुणीच “एवढ्याशासाठी एवढ्या लांबून?” असं विचारत नाही, आणि तेवढ्यासाठी तरी ती जागा मला देवळासारखी वाटते.

गावात विचारतात. “माणसांना खायला नाही आणि तू मांजरांना…” हे म्हणणाऱ्याने कुणा माणसाला जेवू घातलेलं मी तरी पाहिलेलं नाही. पण त्याहून मला टोचतं ते “पुण्य लागेल हो तुला.” जणू मी हप्ते भरते आहे.

पुण्याचा हिशेब या भागात एका राजानेही मांडून ठेवलाय. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींना सोपाऱ्यात अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. १९५६ मध्ये आमच्या शेजारच्या भुईगावला नवव्याचा. आठव्यात तो सांगतो की आधीचे राजे शिकारीच्या सहलींना जात, मी धम्माच्या यात्रेला निघालो. नवव्यात विधींचा विषय आहे. लोक आजारपणात, लग्नात, मूल होताना, प्रवासाला निघताना नाना विधी करतात. बायका तर क्षुल्लक, निरर्थक असे कितीतरी करतात. (हा टोला राजाला शोभत नाही.) खरा विधी म्हणजे नोकर-दासांशी नीट वागणं, वडीलधाऱ्यांचा मान राखणं, प्राण्यांशी संयमाने वागणं, दान देणं. माणसांच्या आणि जनावरांच्याही औषधपाण्याची सोय केल्याचं सांगणारा दुसरा लेख इकडे सापडलेला नाही. असेलच तर कुणाच्या तरी जोत्यात किंवा विहिरीच्या काठाला बसवलेला असेल, आणि त्यावर रोज धुणं आपटलं जात असेल.

इथवर राजाचं आणि माझं जमतं. पुढे तो म्हणतो, इतर विधींचं फळ संशयाचं, या विधीचं हमखास. या जगात नाही मिळालं तर परलोकात. तिथे मी थांबते. होडी थरथरीने गेली नाही. चारचौघा मांजरांना पावसाळ्यात होते तशी सर्दी झाली, ती छातीत उतरली, औषधं चालू असतानाच श्वास भरभर व्हायला लागला. शेवटच्या रात्री ती खाऊ शकत नव्हती, आणि जिभेपुढे काहीच नव्हतं म्हणून डोकं अगदी स्थिर होतं. मी तिला असं स्थिर कधी पाहिलं नव्हतं, आणि मला ते नको होतं. कापूस, काटा, कोमट पाणी, अंथरलेलं गोणपाट, हेच जर विधी असतील तर ते सगळे नेमाने झाले. फळ आलं नाही. मला फळ नको होतं, ती हवी होती.

वाडीतल्या गड्याने खड्डा खणून दिला. खणताना टोपी काढून बाजूला ठेवली त्याने, का ते मी विचारलं नाही. “कोल्ही-कुत्री उकरतील, दगड ठेवा ताई,” एवढं म्हणाला आणि पुन्हा केळीच्या आळ्यात उतरला. संध्याकाळी आंघोळ करावी की नाही याचा मी बराच वेळ विचार करत बसले. शेवटी केली, पण ती सुतकाची की चिखलाची, हे मी स्वतःलाही सांगितलं नाही.

जेवणही वेळेवर झालं नाही, कारण आठ वाजत आले होते आणि लंगडीचं मूत काढायचं होतं. कमरेखाली जाणीव नसल्याने तिला ते स्वतःहून जमत नाही. दिवसातून तीनदा पोटाखाली दोन्ही बाजूंनी बोटं धरून मूत्राशय हलक्या हाताने दाबावं लागतं, आतच साठलं तर लघवीचा संसर्ग होतो. तिला तो प्रकार मुळीच आवडत नाही. पुढच्या दोन पायांनी तिने माझं मनगट धरलं, नेहमीसारखी चावली, आणि बरोबर जिथे नको तिथे, माझ्या धुतलेल्या साडीवर, मोकळी झाली.