पाटी कुठे ठेवायची?

माझी पुतणी वास्तुशास्त्राच्या चौथ्या वर्षाला आहे. यंदा त्यांच्या वर्गाला मोठा भारदस्त विषय मिळाला. हडपसरला विद्यापीठाचे एक केंद्र उभारावयाचे आणि त्याने आसपासच्या मुलखाचा आर्थिक विकास साधावयाचा! अर्थात सारे कागदावर. महिनाभर आमच्या घरात पुठ्ठे, डिंक आणि कात्र्या यांचे राज्य होते. मी मांजराच्या पावलांनी वावरत असे.

एके संध्याकाळी नमुना तयार झाला. काचेची उंच दर्शनी भिंत आणि तिच्यापुढे अठरा पायऱ्या. मी तोंड भरून स्तुती केली. दादा मात्र गुडघ्यांवर हात टेकून बराच वेळ वाकून पाहत राहिले. मग म्हणाले, "पोरी, भाजीची पाटी घेऊन माणूस आला, तर ती त्यानं ठेवायची कुठं?"

"अण्णा, हे विद्यापीठ आहे, मंडई नाही," ती हसून म्हणाली.

"मग विकास कुणाचा करणार म्हणालीस?"

ती गप्प झाली. मीही.

त्या प्रश्नामागे काय होते ते मला ठाऊक होते. मुठेच्या उजव्या कालव्याखाली आमची चार एकर जमीन होती. शहर जवळ आले तशी ती तुकड्यातुकड्यांनी विकली. कागदावर पहिली सही माझी. घरात शिकलेला मीच ना! शेजारी मगरपट्ट्यात सुमारे 120 शेतकरी कुटुंबांनी आपली सुमारे 400 एकर जमीन विकून टाकली नाही. ती एकत्र करून त्यांनी कंपनी काढली, स्वतः भागीदार झाले आणि 2000 सालापासून तिच्यावर नगर उभारले. ते काही आमच्याहून अधिक शहाणे नव्हते. फक्त सही करण्यापूर्वी एकत्र बसले.

मी पुतणीला म्हटले, "अगं, मांजरीला ऊस संशोधनाची संस्था 1975 पासून आहे, द्राक्ष संशोधन केंद्र 1997 पासून आहे. विद्येला इथे मातीचे वावडे नाही."

रात्री कात्री पुन्हा चालू लागली. सकाळी पाहतो, तो पायऱ्या गेलेल्या! त्यांच्या जागी लांबच लांब ओटा होता; डोक्यावरची पाटी कोणाच्या मदतीवाचून उतरवता यावी इतका उंच. त्याच्या मागे एक लहानशी खोली होती. तिच्यावर तिने लिहिले होते, 'जमिनीचे कागद समजावून सांगण्याची जागा.'

परीक्षकांनी 'दर्शनी भाग ठेंगणा' असा शेरा मारला. गुण बेताचेच पडले.

नमुना आता आमच्या कपाटावर आहे. दादा येता-जाता त्यावरची धूळ फुंकतात. मी मात्र त्या खोलीच्या बोटभर दारापाशी थबकतो. सही करण्यापूर्वी मला त्यातून आत जायला हवे होते.