उतारावर बंद केलेलं इंजिन

"ट्रक चालवायला अंगात ताकद लागते." हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे. या एका वाक्याच्या आडोशाने दोन गोष्टी चालत आल्या. किरकोळ अंगाच्या माणसाला आणि बाईला 'हे तुझं काम नाही' असं सांगता आलं. आणि ड्रायव्हरचा खांदा निकामी झाला की तो त्याच्या वयाचा दोष ठरवता आला. दोन्ही खोटं आहे, हे मला एका ट्रकच्या स्टेअरिंगने शिकवलं.

1990 च्या दशकात मी दोन हंगाम किन्नर म्हणून काम केलं. आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम टोकाला, सह्याद्रीच्या कड्यावर आहुपे आहे. तिथली महादेव कोळी कुटुंबं हिरडा गोळा करतात, वाळवतात. ती पोती भरून आमची गाडी डिंभ्यावरून घोडेगाव, मंचरला यायची.

पहिल्या हंगामातली गाडी जुनी, पॉवर स्टेअरिंग नसलेली. भरलेल्या ट्रकच्या पुढच्या दोन चाकांवर कित्येक टनांचा भार असतो. तो भार हातांनी वळवायचा. स्टेअरिंग बॉक्समध्ये आट्यांचा दांडा आणि त्यावर चालणारा नट असतो, त्यामुळे थोड्या ताकदीत मोठं काम होतं. पण त्याची किंमत फेऱ्यांत मोजावी लागते. चाक हलकं हवं, तर ते जास्त वेळा फिरवायला हवं. अवघड वळणावर आमचे उस्ताद सीटवरून अर्धवट उठून सगळं अंग स्टेअरिंगवर टाकायचे. रात्री मी त्यांच्या उजव्या खांद्याला तेल चोळायचो. मालक म्हणायचा, "वय झालं आता यांचं." उस्ताद तेव्हा चाळिशीतही नव्हते.

दुसऱ्या हंगामात मालकाने पॉवर स्टेअरिंगची जुनी गाडी घेतली. उस्ताद खूश. "पोरा, बघ, एका हाताने वळते!"

ही मदत येते कुठून? इंजिनवर चालणारा एक पंप तेल दाबाने स्टेअरिंग बॉक्सकडे पाठवतो. स्टेअरिंगचा दांडा आणि बॉक्सच्या आतला आट्यांचा दांडा यांच्यामध्ये एक बारीक सळई असते. आपण चाक फिरवतो, टायर अडतो, तेव्हा ही सळई किंचित पिळली जाते. तेवढ्या पिळानेच व्हॉल्व्ह उघडतो आणि तेल पिस्टनच्या एका बाजूला दाब देतं. हा दाब हवेच्या दाबाच्या शंभरपट आणि त्याहूनही जास्त चढू शकतो. हात थांबला की सळई सरळ होते, व्हॉल्व्ह मध्यावर येतो, तेल टाकीत परततं. त्याहून जुन्या काही गाड्यांत पिस्टनचा सिलिंडर बॉक्सच्या बाहेर, वेगळा बसवलेला असे. तत्त्व तेच.

म्हणजे दिशा माणूस ठरवतो, जोर इंजिन लावतं. हा फरक नीट ध्यानात घ्या, कारण पुढची चूक तो विसरल्यामुळेच झाली.

मालकाने डिझेलचा हिशोब काढला. "उताराला इंजिन कशाला हवं? न्यूट्रल करा, बंद करा, गाडी आपोआप खाली येते." जुन्या गाडीवर उस्ताद हे करत आले होते. तेव्हाही ते धोक्याचंच होतं, कारण इंजिनची रोख जाते आणि एअर ब्रेकचा कॉम्प्रेसर थांबतो. पण स्टेअरिंग निदान रोजच्यासारखं तरी राहायचं. या गाडीत गिअर काढून इंजिन बंद केलं आणि पंपच थांबला. डिंभ्याकडे उतरताना डावं वळण आलं. उस्तादांनी सवयीने चाक फिरवलं, ते जागचं हलेना. आतला लोखंडी जोड तुटत नाही, चाक हाताने वळतं. पण मदतीच्या भरवशावर बांधलेला बॉक्स मदतीशिवाय जड होतो, शिवाय आतलं तेलही हातानेच ढकलावं लागतं. मीही चाकाला हात घातला. गाडी दरीच्या बाजूला सरकत सरकत वळली आणि डोंगराच्या बाजूच्या मातीच्या बांधाला घासून थांबली. पोती सांडली. आम्ही वाचलो.

मालकाने नुकसान उस्तादांच्या पगारातून कापलं. कारण काय? "गाडी पॉवरची असून सांभाळता आली नाही."

आता प्रश्न विचारू या. इंजिन बंद करायला कोणी सांगितलं? वाचलेलं डिझेल कोणाच्या खिशात गेलं? आणि जीव कोणाचा टांगणीला लागला? तेव्हा 1961 चा मोटार परिवहन कामगार कायदा लागू होता. त्यात दिवसाला 8 तास आणि आठवड्याला 48 तासांची मर्यादा होती. आमच्या गाडीवर हे तास कोणी मोजले नाहीत. गाडी हलकी झाली, तेव्हा उस्तादांना विश्रांती नाही मिळाली, एक खेप जास्त मिळाली.

म्हणून यंत्राला शिव्या द्यायच्या का? मुळीच नाही. बाबासाहेबांनी 1945 च्या काँग्रेस-गांधींवरील ग्रंथात यंत्राची बाजू घेतली होती. यंत्र माणसाला फुरसत देतं. दोष यंत्रात नसून चुकीच्या समाजरचनेत आहे, हा त्यांचा मुद्दा. आज आपल्याच जिल्ह्यात, शिरूर तालुक्यातल्या वढू बुद्रुकला, झेडएफ स्टिअरिंग गिअर या कंपनीच्या कारखान्यात पॉवर स्टेअरिंगचे बॉक्स बनतात. ताकदीचा अडसर लोखंडाने आणि तेलाने कधीच दूर केला आहे. तरीही बाईला ड्रायव्हरच्या सीटवर बसू न देणारा माणूस स्नायूंची भाषा बोलतो, तेव्हा तो यंत्राबद्दल बोलत नसतो.

जुनी गाडी चालवणाऱ्या भावांना एवढंच सांगतो. टाकीतलं तेल रोज बघा. पट्ट्यावरचा पंप असेल तर पट्टा तपासा. चाक टोकापर्यंत वळवून धरून ठेवू नका, तेल तापतं. आणि उताराला इंजिन चालू, गाडी गिअरमध्ये. कोणी डिझेलचा हिशोब दाखवला, तर त्याला शेजारच्या सीटवर बसवा आणि मगच गाडी खाली काढा.