बारा खांबांचं दालन

पाडरबोर्नहून निघालेली बस आल्मे नदीचं खोरं ओलांडून वर चढते आणि वेवेल्सबुर्गचा त्रिकोणी किल्ला समोर उभा राहतो. सतराव्या शतकाच्या आरंभी पाडरबोर्नच्या राजबिशपांनी तो बांधला. १९३४ साली नाझींच्या एसएस या निमलष्करी संघटनेचा प्रमुख हिमलर यानं तो एसएससाठी शंभर वर्षांच्या करारानं घेतला. भाडं वर्षाला एक मार्क!

पहारेकऱ्यांच्या जुन्या इमारतीत आता संग्रहालय आहे. तिथे फिरताना आधी हुद्द्यांची उतरंड समजून घ्यावी लागते. एसएसमध्ये माणसाची पायरी कॉलरवर दिसे. श्टांडार्टेनफ्यूरर म्हणजे कर्नलच्या तोडीचा, त्याला ओकचं एक पान, ओबरफ्यूररला दोन. या ओबरफ्यूररला लष्करात जोडच नव्हती, तो कर्नल आणि मेजर जनरल यांच्या मधे लटकलेला. पुढे ब्रिगाडेफ्यूरर, ग्रुपेनफ्यूरर, ओबरग्रुपेनफ्यूरर. १९४२मध्ये त्यांच्याही डोक्यावर ओबर्स्टग्रुपेनफ्यूरर आला. तो मान चौघांनाच मिळाला आणि त्यातला एक, फ्रान्ट्स क्सावर श्वार्त्स, नाझी पक्षाचा खजिनदार होता. परराष्ट्रमंत्री रिबेनट्रॉपही ओबरग्रुपेनफ्यूरर. तलवारीपेक्षा मर्जी मोठी, हे कॉलरच सांगते.

उत्तर बुरुजात ओबरग्रुपेनफ्यूररांसाठी खास दालन आहे. बारा खांब, फरशीत गडद हिरव्या दगडाचं बारा आऱ्यांचं सूर्यचक्र. आजचे नवनाझी या चक्राला भजतात, म्हणून संग्रहालयानं इथे चक्क बसायच्या गुबगुबीत पिशव्या टाकल्या आहेत. पिशवीत रुतून बसलेल्या माणसाला भक्तिभाव आणणं अवघडच. मला ही युक्ती फार आवडली.

पण एसएसचा हा सगळा थाट पोरखेळ नव्हता. जून १९४१मध्ये, सोव्हिएत संघावर चढाई होण्याच्या काही दिवस आधी, हिमलरनं आपले ग्रुपेनफ्यूरर याच किल्ल्यात जमवले. पूर्वेकडच्या तीन कोटी स्लाव्ह लोकांना संपवायचं आहे, असं त्यानं तेव्हा सांगितल्याची साक्ष एसएस अधिकारी बाख-त्सेलेव्स्कीनं पुढे न्यूरेंबर्गच्या खटल्यात दिली. तो स्वतःही ओबरग्रुपेनफ्यूरर झाला होता.

किल्ल्याच्या पुनर्बांधणीसाठी दगड फोडले ते गावाबाहेरच्या नीडरहागेन छावणीतल्या कैद्यांनी. सुमारे ३,९०० जणांना इथे आणलं, त्यातले किमान १,२८५ मेले. १९४३मध्ये काम थांबलं, दालन अपुरंच राहिलं. मार्च १९४५च्या अखेरीस एसएसनं स्वतःच किल्ल्याला सुरुंग लावले.

बहुतेक प्रवासी बुरुज पाहून बस पकडतात. तुम्ही तसं करू नका. कैद्यांची हजेरी घेत ते मैदान चालत जाण्याच्या अंतरावर आहे, तिथे स्मारकही आहे. आधी तिकडे जा, मग बुरुज पाहा.