नव्या घोड्याशी ओळख

मराठेशाहीच्या फौजेत दोन प्रकारचे स्वार असत. सरकारी पागेतील घोड्यावर बसणारा तो बारगीर, आणि स्वतःचा घोडा घेऊन चाकरीस येणारा तो शिलेदार. मॉरिशसमधील मराठी घरांत हे शब्द क्वचितच कानी पडतात, आणि त्यास कारणही आहे. १८३४ नंतर गिरमिटावर येथे आलेली माणसे पायी चालणारी होती. घोडा असे तो मळ्याच्या साहेबाचा. तो येताना दिसला की वाट सोडून उसाच्या कडेला उभे राहावयाचे, एवढाच पुष्कळांचा अश्वविद्येशी संबंध!

म्हणूनच वाक्वाजवळ राहणाऱ्या एका गृहस्थाने शर्यतीतून निवृत्त झालेला घोडा विकत घेतला, तेव्हा घरात आनंदापेक्षा धास्तीच अधिक पसरली. वृद्ध आईने तर सरळच विचारले, "ज्याला बघून माझे आजे बांधावर चढत, ते जनावर तू दारात बांधणार?" गृहस्थापाशी याचे उत्तर नव्हते. लहानपणापासून मनात घर करून बसलेली एक हौस, एवढेच तो सांगू शकला असता.

घोडा दक्षिण आफ्रिकेत जन्मलेला आणि पोर्ट लुईच्या शां द मार्सवर धावलेला. १८१२ पासून शर्यती पाहत आलेले ते मैदान. तेथून आलेला घोडा अशिक्षित नसतो. त्याचे शिक्षण निराळे झालेले असते. जॉकी लगाम ताणून धरतो आणि घोडा त्या ताणावर भार टाकून धावतो. तेव्हा नवशिक्या स्वाराने घाबरून लगाम खेचला, तर थांबण्याऐवजी तो अधिकच वेग घेण्याचा संभव असतो. शां द मार्सवर उजव्या हाताला वळत धावावे लागते. या घोड्याची डावी बाजू त्यामुळे लाकडासारखी ताठ होती. शिवाय जॉकीला चालत्या घोड्यावरही उचलून चढवितात. स्वार बसेपर्यंत स्थिर उभे राहावे, हे त्या बिचाऱ्याला कोणी शिकविलेलेच नव्हते.

दुसऱ्याच दिवशी व्हायचे ते झाले. घोडा उधळला, गृहस्थ उसात पडला आणि मनगट लचकले. शेजाऱ्यांचा सल्ला ठरलेलाच होता : कडक लगाम घाला, चाबूक वापरा. भ्यालेल्या माणसास असा सल्ला नेहमीच पटतो. परंतु एका जुन्या मोतद्दाराने वेगळे सांगितले. तीन आठवडे खोगीर घालूच नये. आधी तोबऱ्यातील दाणा कमी करून गवत वाढवावे, आणि रोज मोकळे चरू द्यावे.

मग रोज पहाटे खरारा सुरू झाला. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंस असल्यामुळे कपाळाच्या अगदी पुढचे व पाठीमागचे त्यास दिसत नाही. म्हणून बोलत बोलत, खांद्याच्या बाजूने जावयाचे. आयाळ संपते त्या उंचवट्यावर घोडे एकमेकांस दातांनी खाजवितात. तेथे हाताने खाजविले की त्याची मान हळूहळू खाली येई. नंतर दोरी. हलकासा ताण द्यावयाचा आणि घोड्याने एक पाऊल टाकताच तत्क्षणी ढील द्यावयाची. सारे मर्म या ढिलीत आहे. ती क्षणभर उशिरा मिळाली, तर ती कशाबद्दल मिळाली हे घोड्यास कळत नाही.

चढण्याचा धडा सर्वांत कठीण गेला. घोडा हलला की न रागावता त्याला पुन्हा त्याच दगडापाशी आणावयाचे. रागाच्या भरात घोड्याशी वागू नये, असे ग्रीक लेखक झेनोफन दोन हजार वर्षांपेक्षाही पूर्वी लिहून गेला आहे. पण ते आचरणात आणणे किती अवघड! एके दिवशी चाळीस मिनिटे गेली आणि गृहस्थ केवळ रिकिबीत पाय ठेवून उतरला. घोडा मात्र त्या वेळी जागचा हलला नव्हता.

अखेर मांड बसली, तरी भीती गेली नव्हती. स्वाराने श्वास कोंडला, मांड्या आवळल्या, की पाठीखालच्या घोड्यास ते लगेच जाणवते. म्हणून तो बसताच गणपतीची आरती गुणगुणू लागे. गाताना श्वास कोंडून धरता येत नाही. वेग वाढलाच तर दोन्ही लगाम न ओढता एकाच बाजूने मान हळू वळवावयाची, म्हणजे मागचे पाय बाजूस पडतात आणि जोर ओसरतो.

ऊसतोडणीच्या दिवसांत एकदा भरलेली मालमोटार खडखडत शेजारून गेली. घोड्याचे कान ताठ झाले, अंग थरारले. गृहस्थाने मान किंचित वळविली, आरती चालूच ठेवली. घोड्याने नाकपुड्यांतून मोठा श्वास सोडला व तो चालू लागला. त्या दिवसापासून आई नातवंडांना दटावू लागली, "मागून धावत जाऊ नका रे त्याच्या!" स्वतः मात्र ती अजून उंबऱ्यापाशीच उभी असते. भरधाव दौडीची वेळ अद्याप आलेली नाही, आणि डाव्या हाताचे रिंगण अजून वाकडेच येते.